सपाट माथ्याचा डोंगर

दोस्तांनो, शाळा सुरू झाली की तुमच्या दप्तरात काय काय नवं येतं? कोऱ्या वह्या, पुस्तकांचा तो खास वास, एखादी टोकदार पेन्सिल. आम्हां शिक्षकांचंही तसंच असतं बरं का! फक्त आमच्या वाट्याला नव्या पुस्तकांबरोबर जुनं कपाट आवरण्याचं कामही येतं.

आमची शाळा बालाघाटच्या डोंगरात, बीड जिल्ह्यात. पहिली ते चौथी, दोन खोल्या आणि दोन शिक्षक. अशा शाळेत चित्रकलेला वेगळे शिक्षक नसतात. दोन वर्षांपूर्वी मी इथे बदलून आले, तेव्हा मुख्याध्यापक सर म्हणाले, "बाई, खेळ मी घेतो, चित्रकला तुम्ही घ्या." मी हो म्हणाले खरी, पण मनात धडकीच भरली. का ते सांगते. शाळेत असताना मी एलिमेंटरी ग्रेड परीक्षा दिली होती. वस्तुचित्राच्या पेपरात समोर तांब्या, वाटी आणि घडी घातलेला कपडा ठेवला होता. माझा तांब्या असा काही कलला की आता पाणी सांडणार असं वाटावं! 'सी' श्रेणीत कशीबशी पास झाले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाही. डीएडला चित्रांचे तक्ते करावे लागले, तेही मैत्रिणीकडून गिरवून घेतले. (हे माझ्या वर्गात सांगू नका हं.)

मग चित्रकलेच्या पहिल्या तासाला मी काय केलं असेल? ओळखा पाहू. फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर काढले. मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून येणारी नदी, काठावर झोपडी, नारळाचं झाड आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. "काढा असंच," म्हणाले. मुलांनी काढलं. ज्याचं फळ्यासारखं दिसलं त्याला 'छान', ज्याचं नाही त्याला 'पुन्हा काढ'. तास छान पार पडला, असं मला वाटलं.

तुम्हीही हे चित्र काढलं असणार. मी लहानपणी काढलं, माझ्या आईनंही काढलं. हे पहिल्यांदा कुणी काढलं कोण जाणे, पण महाराष्ट्रातली निम्मी मुलं तरी तेच काढत असतील! आता गंमत बघा. आमच्या वर्गाच्या खिडकीतून डोंगर दिसतात, अगदी समोर. पण ते त्रिकोणी नाहीतच. माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट, आणि उतारावर पायऱ्या पायऱ्या. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यांचाच हा काळा दगड झाला. पावसापाण्यानं तो झिजला, पण कठीण थर टिकले, म्हणून माथे असे सपाट राहिले. नारळाचं झाड आमच्या गावात एकही नाही. आणि जूनमध्ये आमच्या नदीत पाणी नसतं, वाळू आणि गोटे असतात. खिडकीकडे पाठ करून आम्ही सगळे कुठला तरी भलताच गाव काढत होतो!

हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं ते यंदा, कपाट आवरताना.

गेल्या वर्षीच्या चित्रांचा गठ्ठा हाती आला. चाळता चाळता एक कागद निघाला, सगळाच्या सगळा काळा. तो पाहिला आणि माझे कान गरम झाले. कारण तो कागद मला चांगला आठवत होता. तिसरीतल्या एका मुलीचा होता तो. (तिचं नाव सांगत नाही, कारण ती हे पान वाचणार आहे.) गेल्या वर्षी आमच्याकडे बारा मेणखडूंच्या फक्त चार पेट्या होत्या. एक पेटी पाच-सहा जणांत. आणि या बाईसाहेबांनी काळा खडू सालीसकट संपवला होता! मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काय हा चिखल केलास? आता बाकीच्यांनी केस कशानं रंगवायचे?" वर्ग खो खो हसला. ती काही बोलली नाही. कागद माझ्या टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसली. त्यानंतर चित्रकलेच्या तासाला ती फळ्यावरचं चित्र हुबेहूब काढायची. मीही 'छान' लिहायची.

मग पाऊस सरला आणि गाव रिकामं व्हायला लागलं. तुमच्यापैकी काहींना हे माहीत असेल, काहींना नसेल. आमच्या भागातली पुष्कळ माणसं ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या मागेपुढे निघायचं, ते साखर कारखान्याचा हंगाम संपला की मार्च-एप्रिलात परतायचं. काही मुलं आजीकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात. काहींना मात्र आई-वडिलांबरोबर जावंच लागतं, कारण धाकटं भावंड सांभाळायला कुणीतरी हवं ना. ती तशीच गेली. हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढच्या चौकटी महिनोन् महिने नुसत्या गैरहजेरीच्या.

तर तो काळा कागद घेऊन मी खिडकीपाशी गेले. नीट पाहिलं. खालच्या कोपऱ्यात पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता, बाजरीच्या दाण्याएवढा. आणि त्याच्याजवळ काडीनं खरवडलेल्या बारीक रेघा. दोन गोल, चाकांसारखे. पुढे चार शिंगं! मी तो कागद गेल्या वर्षी इतक्या जवळून पाहिलाच नव्हता. खडू किती उरला, एवढंच पाहिलं होतं.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी तोरण, नव्या पुस्तकांचं वाटप, पहिलीच्या मुलांच्या रंगीत पावलांचे ठसे, सगळा थाटमाट झाला. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खरं सांगते, माझं लक्ष दारातच होतं. गेलेली सगळीच मुलं परत शाळेत येतात असं नाही. तिसऱ्या दिवशी प्रार्थना संपता संपता ती आली. उंची वाढलेली, पायात मोठ्या माणसाच्या चपला, बोटाला धरून धाकटा भाऊ. त्याला पहिलीत घालायचं होतं.

मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावलं आणि तो कागद पुढे ठेवला. ती घाबरलीच. म्हणाली, "आता न्हाई करणार, बाई."

"अगं, रागवायला नाही बोलावलं," मी म्हणाले. "गेल्या वर्षी मी न बघताच तुला बोलले. चुकलं माझं. हे काय काढलंयस, मला सांगशील?"

थोडा वेळ तिनं माझ्याकडे पाहिलं, खरं बोलतेय की कसं ते. मग बोट ठेवलं. "ही आमची गाडी. उसाची. पहाटं कारखान्याला जाती. ह्यो कंदील."

"आणि तू कुठे आहेस?"

तिनं काळ्याकुट्ट जागेवर बोट टेकवलं. "इथं. उसावर झोपले. अंधार हाय ना, म्हणून दिसना."

मी काय बोलणार? पुढच्या तासाची घंटा झाली तेही मला कळलं नाही, तिनंच सांगितलं.

त्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला मी फळा पुसून कोराच ठेवला. मुलांना खिडकीशी नेलं आणि म्हटलं, जे दिसतं ते काढा. दहा मिनिटं नुसता गोंधळ! एकजण रडवेला झाला, "बाई, तुम्ही काढल्याबिगर कसं काढू?" गेली दोन वर्षं मीच लावलेली सवय होती ती, रागावू कुणावर? शेवटी एकानं सपाट डोंगर काढला आणि त्यावर बसायला बाजही टाकली. एवढा सपाट आहे तर झोपता येईल म्हणे!

खडूंचा प्रश्न उरलाच होता. पण रंग काय दुकानातच मिळतात? पालघरकडच्या वारली चित्रांत पाहा. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बस्स! दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस तयार. लग्नाच्या वेळी बायका भिंतीवर काढत ती ही चित्रं. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणली, जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आम्हीही गेरू आणला, चुलीतला कोळसा आणला. जास्वंदीची लाल पाकळी कागदावर घासली तर चक्क जांभळट रंग आला. त्यावर लिंबाचा थेंब टाकला तर गुलाबी झाला, साबणाचं पाणी लावलं तर हिरवट! हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला की लालभडक होतं, तेही केलं. चुना मात्र मीच हाताळला, डोळ्यात गेला तर वाईट. तुम्हीही मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करा.

बाजारच्या दिवशी मी चार काळे मेणखडू सुटे आणले, खास तिच्यासाठी. परवा तिनं नवा कागद मागितला, तेव्हा मोठ्या ऐटीत ते पुढे केले. तिनं एक उचलला, पाहिला आणि परत ठेवला.

"पिवळा हाय का, बाई? आज दिवसाची काढते."