वाचणाऱ्याची ओळ

स्क्रोल करताना मजकूर वर सरकला असं वाटतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या लेखी तो जागचा हलतच नाही. दोन लाख नोंदींची खतावणी, प्रत्येक ओळ २० पिक्सेल उंच, म्हणजे ४० लाख पिक्सेल लांबीचा कागद. तो कुठेच काढलेला नसतो. ६०० पिक्सेलच्या खिडकीत तीसच ओळी मावतात, तेवढ्याच काढायच्या आणि एक आकडा सांभाळायचा: खिडकीचा वरचा काठ कागदावर कुठे आहे.

मॅकच्या ॲपकिटमध्ये ही मांडणी फार स्वच्छ आहे. एनएसस्क्रोलव्ह्यूच्या पोटात एनएसक्लिपव्ह्यू, त्याच्या पोटात मजकूर, आणि स्क्रोल म्हणजे क्लिपव्ह्यूच्या बाउंड्सचा ओरिजिन बदलणं. (तिथे शून्य डाव्या कोपऱ्यात खाली असतं, त्यामुळे नवख्याचा मजकूर हमखास तळापासून उघडतो.)

विंडोजच्या जुन्या एपीआयमध्ये हिशेब हातानं करावा लागतो, आणि शिकायला मला तोच बरा वाटतो. शंभर ओळींना ० ते ९९ असे क्रमांक, खिडकीत मावतात वीस. मग स्क्रोलची शेवटची जागा ९९ नव्हे, ८०. स्क्रोलबारचा ठोकळा ओढताना जो संदेश येतो त्यात जागेसाठी १६ बिटच आहेत, म्हणजे ६५,५३५च्या पुढचा आकडा त्यात बसत नाही. पिक्सेलात मोजत असाल तर आपली खतावणी सव्वातीन हजार ओळींनंतर पुन्हा पहिल्या पानावर येते. संदेशातला आकडा सोडून गेटस्क्रोलइन्फोला विचारलं की ३२ बिटांतलं खरं उत्तर मिळतं. पन्नास ओळींवर चाचणी घेणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

माउसच्या चाकाचंही तसंच. एका खटक्याचे १२० धरलेले आहेत. पण टचपॅड दहा, पंधरा असे तुकडे पाठवतो. त्यांना १२०नं भागून पूर्णांक घेतला की उत्तर शून्य. बोट सरकतंय आणि पान ढिम्म. उरलेली बाकी जमा करत जायची, १२० भरले की हलायचं.

हे सगळं ओळी एकाच उंचीच्या असताना. खरं काम ओळी लहानमोठ्या झाल्या की सुरू होतं. शेऱ्याचा रकाना गुंडाळून दाखवा अशी मागणी येते आणि एखादी नोंद एका ओळीत, एखादी सातात. दोन लाख नोंदींची खरी उंची आधी मोजायची तर उघडतानाच माणूस ताटकळणार. म्हणून अंदाज धरायचा आणि नोंद दिसायला आली की मोजायची. म्हणजे स्क्रोलबार थापा मारतो, आणि माझ्या मते खुशाल मारू द्यावा. ठोकळा चार पिक्सेल इकडेतिकडे झाला तर कुणाच्या लक्षात येत नाही.

वाचणारा ज्या ओळीवर आहे ती मात्र हलता कामा नये. वर सरकताना एक नोंद दिसायला आली, अंदाज २० पिक्सेलचा होता, भरली १४०. काही केलं नाही तर खालचं सगळं १२० पिक्सेल खाली घसरतं आणि डोळा ओळ हरवतो. म्हणून वरच्या काठाची जागाही त्याच क्षणी १२०नं वाढवायची. कागद लांबला, पण डोळ्यासमोर काही घडलं नाही. ही बेरीज पुढच्या चौकटीपर्यंत लांबवली तरी झटका बसतो; एकाच चित्रात दोन्ही व्हायला हवं.

ठोकळा माउसखाली धरलेला असेपर्यंत मी एकूण उंची गोठवून ठेवतो, नाहीतर तो हातातून निसटल्यासारखा पळतो. सोडला की दुरुस्ती. अपवाद तळाचा. अंदाज काहीही म्हणो, ठोकळा खाली टेकला की शेवटची नोंद दिसलीच पाहिजे. तिथे मांडणी उलटी, शेवटच्या ओळीपासून वर मोजत करावी लागते.