चाकाचा फेरा

टायरची तब्येत डोळ्यांआधी तळहाताला कळते. पहाटे गाडी सुरू करण्याआधी मी चारही चाकांवरून हात फिरवतो. मधला पट्टा गुळगुळीत लागला तर हवा जास्त झालेली असते. दोन्ही कडा खाल्लेल्या असतील तर हवा कमी आणि माल जास्त. एकच कड बोचरी लागली की अलाइनमेंट बघायचं. शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर पिकअप चालवायला लागून मला एकवीस वर्षं झाली. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई, टोकावडे. भातकापणी झाली की या पट्ट्यात भेंडी लागते, आणि तोडलेली भेंडी त्याच रात्री कल्याणच्या नाहीतर वाशीच्या बाजारात पोचवावी लागते. एरवी विटा असतात, पेंढा असतो, लग्नाचं सामान असतं.

भाडं ठरतं डिझेलवर. गाडी लिटरला किती देते हे ज्याला नेमकं माहीत नाही, तो एकतर शेतकऱ्याला जास्त सांगतो नाहीतर स्वतःच्या खिशातून घालतो. म्हणून अ‍ॅव्हरेजचा विषय मी कधी गप्पांवर सोडत नाही. आणि तरीही एकदा माझा हिशेब साफ चुकला, तो टायरमुळे.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या गाडीला कंपनीचं माप 215/75 आर 15. टायर पार गोटा झाले होते. दुकानदार म्हणाला, "दादा, याच डिस्कवर 235/75 बसतो. गाडीला उंची येईल, खड्ड्यात दणका कमी बसेल." शहापूर-सरळगाव रस्त्याची त्या वर्षीची अवस्था बघता दणका कमी बसेल हे ऐकून मी लगेच हो म्हणालो. नक्षीही मोठ्या ठोकळ्यांची घेतली, चिखलात पकडेल म्हणून. गाडी दिसायला उमदी झाली. पण टाकी फुल्ल करून पुन्हा फुल्ल करेपर्यंतचा हिशेब केला तर काळजात धस्स झालं. आधी 40 लिटरवर मीटर 480 किलोमीटर दाखवायचा, म्हणजे लिटरला 12. आता 432. सरळ 10.8. लिटरमागे सव्वा किलोमीटर गेला कुठे? मी पंप बदलला, डिझेल फिल्टर बदलला, नोझल तपासून घेतले. काही निघालं नाही.

उत्तर सापडलं ते रस्त्याकडेच्या दगडांवर. कल्याणहून मुरबाडकडे रिकाम्या गाडीने येताना पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड आणि मीटर जुळवत आलो. दगडांनी पंचवीस मोजले तेव्हा मीटर चोवीसवर होता.

तेव्हा कळलं. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. आणि एका फेऱ्यात गाडी किती जाते हे तो कंपनीने दिलेल्या टायरवरून धरून चालतो. टायरवरचे आकडे उलगडले की सगळं समोर येतं. 215 म्हणजे टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. 75 म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा 75 इतकी बाजूच्या भिंतीची उंची. 15 म्हणजे डिस्कचा व्यास, इंचांत. मधला आर रेडियलचा. हिशेब केला तर 215/75 चा टायर साधारण 703 मिलीमीटर उंच भरतो आणि 235/75 चा 733. तीन सेंटिमीटर म्हणजे फार नव्हे, पण शेकडा सव्वाचार. मीटर 432 म्हणत होता तेव्हा गाडी खरी 450 किलोमीटर गेली होती.

आणि जुना 12 चा आकडा? तोही खरा नव्हता. गोटा टायर सहा मिलीमीटर झिजलेला, म्हणजे वरून सहा, खालून सहा. व्यास 12 मिलीमीटरने कमी. लहान चाक जास्त फेरे घेतं, मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. त्या 480 मधले आठ किलोमीटर गाडी गेलीच नव्हती. खरं अ‍ॅव्हरेज 11.8 होतं. नवं खरं अ‍ॅव्हरेज निघालं सव्वाअकरा. सव्वा किलोमीटर पडला असं जे मला वाटत होतं, तो खरा पडला होता अर्धा.

"नवे टायर घातले आणि अ‍ॅव्हरेज पडला" ही तक्रार मी मुरबाडच्या नाक्यावर दर महिन्याला ऐकतो. कंपनीच्याच मापाचे नवे टायर घातले तरी असं होतं. त्यातला बराचसा भाग झिजलेल्या चाकाने दाखवलेल्या फुगीर आकड्याचा असतो. गाडीला दोष देण्याआधी दगड बघावेत.

पण तो अर्धा किलोमीटर मात्र खरोखर गेला होता, आणि तो कुठे गेला हे हाताला कळतं. भरल्या गाडीने तासभर पळून थांबलात की टायरच्या भिंतीला हात लावून बघा. गरम लागते. मालाखाली रबर दर फेऱ्याला दबतं, वाकतं, पुन्हा सरळ होतं, आणि त्यात तापतं. ती ऊब डिझेलचीच असते. ठोकळ्यांची खोल नक्षी डांबरावर जास्त वाकते, म्हणून जास्त खाते. वर टायर जड, त्याला दर सिग्नलला, दर गतिरोधकाला नव्याने फिरवायला जास्त जोर लागतो. माझ्या नुकसानीत रुंदीपेक्षा नक्षीचा वाटा मोठा होता असं माझं मत आहे.

माझा आजा बैलगाडी हाकायचा. लाकडी चाकावर लोखंडी धाव असायची. लोहार ती लालबुंद तापवून चाकावर बसवायचा आणि पाणी ओतायचा, की ती आवळून घट्ट बसायची. म्हशाच्या जत्रेला पौष पौर्णिमेला बैल बघायला निघालं की आजा वाटेत लोकांची चाकं बघायचा. मोठं चाक दगड-गोट्यावरून सहज जातं, लहान चाक खड्ड्यात उतरतं आणि बैलाच्या खांद्यावर येतं, हे त्याने मला शिकवलं. पुढे गावात रबरी टायरच्या गाड्या आल्या, तेव्हा चाक लहान असूनही बैलांना ओझं हलकं झालं, कारण खडा रबरात जिरतो आणि गाडी उचलावी लागत नाही. त्याचं मोठ्या चाकाचं म्हणणं शेताच्या वाटेवर आजही खरं आहे. चिखलणीच्या दिवसांत बांधालगत गाडी न्यायची तर उंच टायर उपयोगी पडतो. पण माझ्या शंभर किलोमीटरांपैकी तशी वाट दोन किलोमीटर. दोनसाठी अठ्ठ्याण्णवचं डिझेल जाळायचं का?

माळशेज घाटाने तर निकालच लावला. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर, आणि टोकावडे सोडलं की चढ हळूहळू गाडीच्या छातीवर येतो. चाक मोठं म्हणजे इंजिनाचा हात लांबून पडतो. त्याच गियरमध्ये रस्त्यावर मिळणारा जोर शेकडा चारने घटतो. भरलेली गाडी जिथे तिसऱ्यावर चढायची तिथे दुसरा टाकावा लागू लागला. दोन गियरांच्या मधे कुठेच सुख नाही, एकात इंजिन घुसमटतं आणि दुसऱ्यात ओरडतं. शिवाय उतारावर ब्रेकही तेवढेच कमी पडतात, आणि अ‍ॅव्हरेजपेक्षा मला त्याची भीती जास्त वाटली.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर मोठं चाक फायद्याचं असं सांगणारेही भेटतात. इंजिनाचे फेरे कमी होतात हे खरं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला, तो आपल्या शहापूर तालुक्यातूनच जातो, आणि तिथे हा प्रयोग करायचा मोह होणारच. पण पिकअप म्हणजे वाऱ्यासमोर धरलेली पेटी. वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. कमी फेऱ्यांनी वाचलेलं डिझेल वारा घेऊन जातो. आणि काटा 80 दाखवत असताना गाडी 83 ने पळत असते, हे चालवणाऱ्याला समजतही नाही.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. डिझेल वाचावं म्हणून काही जण उलट करतात, मागे स्वस्तातला कारचा टायर चढवतात. ते चुकूनही करू नये. टायरच्या भिंतीवर तो किती भार सोसेल याचा आकडा कोरलेला असतो, तो मापाइतकाच महत्त्वाचा. मागच्या दोन चाकांत एक नवं, एक गोटा अशी जोडीही लावू नये. दोघांचे फेरे जुळत नाहीत आणि डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही झिजत राहतं. गाडीत नक्षीची खोली मोजायचं एक साधं माप ठेवा. नक्षी 1.6 मिलीमीटरच्या खाली गेली की चारचाकीचा टायर नियमाने बाद होतो, आणि आपल्याकडच्या पावसात माझ्या मते त्याच्या बऱ्याच आधी.

मी तो 235 चा संच पुरता झिजवला नाही. सहा महिन्यांत विकला, तोटा सोसला. घाटात उतरताना मागे भेंडी आणि शेजारी ती पिकवणारी काकी बसलेली असते. ब्रेकवर भरवसा नसलेली गाडी तिला घेऊन चालवायची नाही, हे मी ठरवलं.

आता नवे टायर बसले की एक काम मी स्वतः करतो. सपाट जागी टायरवर आणि जमिनीवर खडूने रेघ मारतो, गाडी हळू पुढे घेतो, टायरवरची रेघ पुन्हा खाली आली की तिथे दुसरी रेघ, आणि मधे टेप. हवा दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलेली, ना कमी ना जास्त. या पावसाळ्याआधी मागची जोडी बदलली तेव्हा फेरा 2 मीटर 16 सेंटिमीटर भरला. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर आहे, त्याखाली तारीख आणि मीटरचं रीडिंग. तुमच्या गाडीचा फेरा तुम्हीही एकदा मोजून ठेवा.