रस्त्याच्या कडेनं आलेलं रान

दिवाळी सरली आणि आम्ही पुण्याहून देवरूखला निघालो. तिथे डोंगरउतारावर माझ्या मावसभावाची, दादाची, वडिलोपार्जित राई आहे. रानमोडी आणि घाणेरी ही उपरी झुडपं तिच्यात शिरली होती आणि पाऊस ओसरल्यापासून ती काढायचं काम चाललं होतं. "नुसती बघायला येऊ नकोस, जुने कपडे घेऊन ये," असा दादाचा निरोप होता.

कात्रजचा बोगदा ओलांडला तसे दोन्ही बाजूंच्या उतारांवर पिवळ्या-केशरी फुलांचे पट्टे लागले. हा कॉसमॉस. मूळचा मेक्सिकोचा, बागेत शोभेसाठी लावलेला. आता रस्त्याच्या कडेकडेनं टेकड्यांवर चढतोय. माणसं गाड्या थांबवून त्यात फोटो काढत होती. फुलं देखणी आहेत, फुलपाखरंही येतात, सगळं खरं. पण याच उतारांवर सोनकी, तेरडा आणि कवळा फुलायचा. आता तो शोधावा लागतो, आणि याचं दुःख फोटोत दिसत नाही.

खंबाटकीच्या अलीकडे चहाला थांबलो. धाब्याच्या मागे, सांडपाण्याच्या ओघळाला लागून गाजरगवत कमरेएवढं वाढलेलं. या गवताशी पुण्याचं नातं जुनं आहे. १९५५मध्ये पुण्यात कचऱ्याच्या ढिगावर ते दिसलं आणि त्याची नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं आजही सांगतात. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. १९८४मध्ये त्याची पानं खाणारा मेक्सिकन भुंगेरा बंगळूरला सोडला, आणि आज तो पावसाळ्यात पानापानावर दिसतो. काही ठिकाणी तो गवत पार बोडकं करतो. पण त्याचा भर पावसाळ्यावर, आणि गवत मात्र ओल मिळेल तिथे बाराही महिने उगवतं. चहावाल्याच्या अंगणात ट्रक उभे होते, त्यांच्या चाकांना चिखल होता. बी कसं फिरतं हे तिथे उभ्या उभ्या कळत होतं.

उंब्रजला महामार्ग सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो. कोयनानगरच्या पुढे कुंभार्ली घाट सुरू होतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यातलं कोयनेचं रान इथून हाताच्या अंतरावर. घाटात मी काच खाली करून बसले, कारण मला एकच गोष्ट बघायची होती. जिथे दोन्हीकडची झाडं रस्त्यावर वाकून एकमेकांना भिडली होती, तिथे खाली नेचे, दिंडा, करवीची रोपं. उपरं काही नाही. वळण रुंद करायला जिथे कडा खोदलाय, विजेच्या तारांसाठी जिथे झाडं तोडलीत, तिथे मात्र घाणेरी आणि रानमोडीची भिंत. अगदी रेघ आखावी तसा फरक. रान मोडलं की तण येतं. धडधाकट रानात त्याला शिरायला सहसा जागा सापडत नाही.

चिपळूणपासून संगमेश्वरपर्यंत महामार्गाच्या चौपदरीकरणात डोंगर कापून लाल माती उघडी पडली आहे. जुन्या कापांवर आकेशिया आणि रानमोडी यांनी केव्हाच घर केलंय. नव्या कापांवरची माती डंपरमधून कुठे कुठे भरावाला जाते. तिच्याबरोबर काय काय जातं याचा हिशेब कोणी ठेवत नाही, ठेवायला हवा.

संध्याकाळी देवरूख. दुसऱ्या दिवशी उजाडताच राईत गेलो.

रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे आणि ठरावीक वर्षांनी लाकूडतोड्या ठेकेदाराला उभं रान विकायची इथली जुनी रीत. दादाच्या वडिलांनी वरचा उतार असाच दिला होता. वहाळाकाठचा खालचा भाग देवाचा म्हणून राखला. त्यामुळे एकाच जमिनीत दोन रानं आहेत. खाली किंजळ, कुंभा, जांभूळ, अंजनी. उन्हाचे कवडसे तेवढे जमिनीवर येतात. वर, झाडं तोडलेल्या जागी, डोक्यापेक्षा उंच रानमोडी.

दादाच्या मदतीला वाडीतले एक काका होते. जन्म या रानात गेलेला. त्यांनी आधी कोयता हातात घेऊच दिला नाही. "ताई, पयला वळख," म्हणाले. रानमोडीचं पान दाखवलं: समोरासमोर, त्रिकोणी, देठापासून तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या फुटलेल्या, चुरगाळलं की उग्र वास. मग शेजारचं एक रोप दाखवून हे काय म्हणून विचारलं. पानं तशीच समोरासमोर. त्यांनी एक पान खुडलं, देठातून पांढरा चीक आला. पांढरा कुडा. रानमोडीला चीक नसतो. घाणेरी ओळखायला सोपी: खोड चौकोनी, त्यावर मागे वळलेले बारीक काटे, पान खरखरीत. दिंडा, भारंगी, रामेठा, धायटी ही सगळी इथलीच झुडपं, आणि साफसफाईच्या नावाखाली मजूर पहिल्यांदा तीच तोडतात, कारण ती मऊ असतात आणि त्यांना काटे नसतात. काकांनी अशा प्रत्येक रोपाला लाल चिंधी बांधली होती. सगळा उतार चिंध्यांनी भरलेला होता, म्हणजे त्या रानमोडीखाली मूळ रान अजून जिवंत होतं.

रानमोडी तोडायची नाही, उपटायची. तोडली की बुंध्यातून चार फुटवे येतात. उन्हाळ्यात पेटली तरी मूळ जिवंत राहतं आणि पावसात पुन्हा फुटतं, मग दरवर्षी वणव्याला सरपण तयार. मुळं मात्र उथळ असतात. जमिनीत ओल आहे तोवर दोन्ही हातांनी बुंधा धरून ओढली की सहज निघते. डिसेंबर-जानेवारीत ती फुलते, मग म्हातारीसारखं उडणारं बी वाऱ्यावर जातं. त्याआधी काम उरकायला हवं. कळ्या धरल्या होत्या, म्हणून घाई. उपटलेली झाडं जमिनीवर टाकायची नाहीत, नाहीतर पुन्हा रुजतात. खडकावर किंवा झाडाच्या बेचक्यात, मुळं वर करून ठेवायची.

घाणेरीचं काम जिकिरीचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेलं हे झुडूप. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातल्या वाघांच्या अधिवासाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग त्यानं व्यापलाय. जनावरांनी पाला खाल्ला तर यकृत बिघडतं. ती हटवायची रीत दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी कॉर्बेटमध्ये बसवली आणि दादा तीच वापरतो. झुडपाचे फुटवे खोडाच्या आणि मुळाच्या सांध्यावरून येतात. तो सांधा मातीच्या जरा खाली असतो. काकांनी बुंध्याभोवतीची माती कुदळीनं दोन-तीन बोटं उकरली, पिवळट सोटमूळ उघडं पडलं, त्यावर तिरका घाव घातला. मग दोघांनी आकडीनं ओढून अख्खं झुडूप उलटं केलं, मुळं आभाळाकडे. जमिनीत उरलेलं मूळ फुटत नाही आणि माती फारशी हलत नाही. मी एक झुडूप काढलं तेव्हा हातमोजे असूनही मनगटं ओरखडली होती. बुलबुलांनी फळं खाऊन टाकलेल्या बिया झाडांखाली रुजतात, म्हणून पक्षी बसतात त्या फांद्यांखाली दर पावसाळ्यात पुन्हा नजर टाकायची.

हे सगळं जेसीबीनं एका दिवसात होईल, असं गावात दादाला अनेकांनी सुचवलं. मला ते अजिबात पटत नाही. जेसीबी तणाबरोबर कुड्याची रोपं, करवी, मातीचा वरचा थर सगळं घेऊन जातो, आणि उघडी, भुसभुशीत, उन्हात तापलेली जमीन मागे ठेवतो. पुढच्या पावसात तिथे पहिली येणार ती रानमोडीच. सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६०च्या दशकात याच्या उलट वाट दाखवली. चांगल्या रानापासून सुरुवात करायची आणि बिघडलेल्या रानाकडे सरकायचं. मूळ झाडं मोकळी जागा भरतील त्याच वेगानं. दादा वहाळाकाठच्या राईपासून वर सरकतोय. मागे मोकळी झालेली पट्टी आज निम्मी चांदाड्याच्या रोपांनी भरलीय, कुणी न लावता. उरलेल्या जागेसाठी वहिनींनी परसात किंजळ, जांभूळ आणि कुंभ्याची रोपं पिशव्यांत तयार केली आहेत, लागवड जूनमध्ये. लवकर सावली होते म्हणून आकेशिया किंवा गिरिपुष्प लावायचा सल्लाही त्यांना मिळाला होता. तो ऐकला नाही हे उत्तम केलं.

एक गोष्ट अजून व्हायची होती. राईपर्यंत जायच्या कच्च्या वाटेवर मुरूम टाकायचं ठरलं होतं आणि दुपारी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीतल्या मुरुमातून गाजरगवताची वाळकी झाडं डोकावत होती. दादानं ड्रायव्हरला विचारलं, कुठला? महामार्गाच्या कापातला, म्हणाला. दादानं भाडं देऊन ट्रॉली तशीच परत पाठवली. वाटेसाठी आपल्याच सड्यावरचा जांभा फोडून घालायचा, असं रात्री जेवताना ठरलं. खर्च वाढेल, पण काकांनी दोन गडी द्यायचं कबूल केलं.