दांडा नसलेली सायकल

मागच्या पोळ्यानंतरची गोष्ट. विहिरीवरच्या जुन्या पंपाचं अन मोडक्या वखराचं लोखंड घरामागं पडून होतं. ते घेऊन कामठी रस्त्यावरच्या कबाडीवाल्याकडं गेलो. तो लोखंड काट्यावर टाकत होता, तोवर मी उगाच इकडंतिकडं पाहत उभा होतो. कुलरचे सडलेले पत्रे, तेलाचे डबे, अन त्यांच्या मागं एक सायकल आडवी पडलेली. सीटचं चामडं उंदरानं खाल्लं होतं, चेनकव्हर चेपलं होतं, टायर वाळून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. पण माझी नजर दुसऱ्याच जागी थांबली. तिला दांडा नव्हता. जुन्या घडणीची लेडीज सायकल होती ती.

"ही अख्खी देतो का?"

"किलोनंच भेटन काका, अख्खी घ्या नाही तर तोडून घ्या."

अठरा किलो भरली. माझ्या लोखंडाच्या पैशातून त्यानं तिचे कापून घेतले. खिशात थोडी चिल्लर अन टेम्पोत सायकल, असा मी घरी आलो. बायकोनं अंगणातूनच पाहिलं.

"अजी, पैसे आनाले गेले होते अन हे काय आनलं? बाईची सायकल! कोनासाठी?"

मी म्हणालो, "पाहू." खरं उत्तर माझ्यापाशी होतं. पण ते जवळपास पन्नास वर्षं जुनं होतं अन तोंडातून निघत नव्हतं.

ते 1975 चं साल. आदल्याच वर्षी कोराडीच्या वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला होता. चिमण्या वर गेल्या होत्या, वसाहत बसत होती, दूरदूरची माणसं नोकरीला येत होती. त्यांच्यातल्या एक नर्सबाई लेडीज सायकलवर बाजारात यायच्या. पांढरी साडी, हँडलला पिशवी. आम्ही पोट्टे रस्त्याच्या कडेला उभे राहून घंटीचा आवाज काढायचो अन दात काढायचो. त्या बाईंनी कधी वळून पाहिलं नाही.

मी नववीत जाणार होतो. माझी धाकटी बहीण, घरात तिला बेबी म्हणायचे, त्याच साली सातवी पास झाली. अभ्यासात ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. पाढे मी पाठ करायचो अन ती चुलीपाशी बसून माझ्या चुका सांगायची. जवळच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते. पुढची शाळा कामठीला. जाऊन-येऊन वीस किलोमीटरचा रस्ता. मी आठवी अर्धी पायी अन अर्धी कोणाच्या बैलगाडीवर काढली होती.

कापूस एकाधिकार खरेदीत दिला होता. त्याचा चुकारा हातात आला तसं बाबांनी रात्री जेवताना सायकलचं काढलं. त्या काळी नवी सायकल तीनशे रुपयांच्या वर होती. आमच्या घरात एवढी रक्कम एका वस्तूवर कधी घातली गेली नव्हती. बाबा शिकलेले नव्हते, पण हिशेबाला पक्के. ते म्हणाले,

"दोन तं घेता येत नाही. लेडीज घेऊ. तूबी चालवशीन, मागं बेबीले बसवशीन. तू धाववी झाला का मंग ते एकटी जाईन."

मी ताटावरून उठलो. "बाईची सायकल मी नाही चालवणार. पोट्टे हासतीन मले."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी चोवीस इंची काळी दांड्याची सायकल घरी आली. मी तिच्यावर दोन वर्षं शाळेत गेलो अन दहावी झालो. बेबी सातवीवर थांबली. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. सावनेरकडच्या गावी दिली. पुढं मी कधी कोणाला सांगितलं नाही की त्या रात्री बाबा काय म्हणाले होते. सगळे समजत राहिले की बाबांनी पोरीला शिकवलं नाही. बाबा गेले, तरी मी बोललो नाही.

तर ही सायकल. कोराडीत आमच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. आता त्यांच्याकडं मोटारसायकलचे पंक्चरच जास्त येतात. सायकल पाहून त्यांनी चष्मा पुसला. हँडलखालच्या पट्टीला मी घरीच चिंच लावून घासलं होतं, तिथं हर्क्युलिस असं नाव निघालं. चाचा म्हणाले, "ये तो मद्रास की है, अंबत्तूर के कारखाने की. पाइप देखो इसका. ओव्हरऑइल करेंगे तो तुम्हारे से ज्यादा चलेगी."

पंधरा दिवस मी शेतातून आलो की त्यांच्याकडं जाऊन बसत होतो. अर्धं काम मीच केलं. जन्मभर सायकल चालवली, पण ती आतून कशी असते ते आता कळलं. पुढच्या चाकाला 32 तारा असतात अन मागच्याला 40, कारण वजन मागं पडतं. मागच्या चाकाच्या अकरा तारा गंजून तुटल्या होत्या. त्या नव्या टाकल्या. मग चाक फिरवून, जिथं रिम एका बाजूला जाते तिथं त्या बाजूच्या तारा थोड्या ढिल्या करायच्या, समोरच्या बाजूच्या कसायच्या. याला आऊट काढणं म्हणतात. चाचांना हे बोटांनी कळतं, मला खडू धरावा लागला. हबमधले छर्रे काढून रॉकेलनं धुतले, चार फुटके निघाले, पण छर्रे सगळेच बदलले, कारण नव्या-जुन्यांत केसभर फरक असला तरी वजन मोठ्यावरच येतं. पॅडल मारताना एका बाजूला टक-टक आवाज यायचा. क्रँकची कॉटर पिन झिजली होती. नवी पिन कानस मारून बसवली, तसा आवाज बंद झाला. ब्रेक वायरचे नव्हते, सळ्यांचे होते. सळी पिळून सरळ केली, रबरं नवी लावली.

मी चाचांना विचारलं, दांडा काढला तर ही मजबूत कशी राहते? त्यांनी दाखवलं. वरचा आडवा दांडा नसतो म्हणून इथं खाली उतरत्या दोन नळ्या जोडीनं दिल्या आहेत. म्हणून ही दांड्याच्या सायकलीपेक्षा हलकी नसते. मागच्या मडगार्डच्या दोन्ही कडांना बारीक भोकांची रांग होती. तिथून चाकाच्या मध्यापर्यंत दोऱ्या ओवायच्या, म्हणजे लुगड्याचा पदर तारांत जात नाही. मी नायलॉनची दोरी आणून एका संध्याकाळी त्या ओवल्या. कोण्या कारागिरानं बाईच्या पदराचा एवढा विचार केला होता. मी मात्र घरातल्या पोरीचा केला नव्हता.

बरीच वर्षं मी मनाची समजूत घालत होतो की दांड्याची सायकल आली, तिथं पोरगी काय करणार? मग कधी तरी वाचण्यात आलं, 1991 साली तामिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली. तिथल्या जिल्हाधिकारी शीला रानी चुंकत यांनी तो विषय उचलून धरला. हजारो बायका शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया. लेडीज सायकली कमी पडल्या, तेव्हा त्या सरळ दांड्याच्या सायकलीवर चढल्या. पुढच्या दांड्यावर लेकरू बसवता येतं म्हणून काहींना तीच बरी वाटली. बिहारमध्ये तर 2006 पासून सरकार नववीतल्या मुलींना सायकलीला पैसे देऊ लागलं. हे वाचलं अन माझी समजूत गेली. अडलं होतं ते माझ्या हट्टापाशी. सायकल चालली असती, कोणतीही.

नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला बेबी दरवर्षी येते. मुक्काम आमच्याकडंच असतो. दर्शन करून आली, चहा झाला, अन मी अंगणात सायकल आणून उभी केली. काळा रंग दिला होता, नवी सीट, नवी घंटी.

"कोनाची हो भाऊ?"

"तुही."

ती हसली. मग मी सांगितलं. ताटावरून उठलो होतो ते, पोट्टे हासतीन म्हटलं होतं ते, बाबांचं काही चुकलं नव्हतं ते. सांगताना मी सायकलकडंच पाहत होतो. बायको दारात उभी होती, ती आत गेली.

बेबी म्हणाली, "मले मालूम आहे भाऊ. भाकरी कोन थापून रायलं होतं त्या रात्री? मीच तं होती चुलीपाशी."

"मंग तू कधी बोलली काहून नाही?"

"तू कधी सांगतं ते पाहत होती."

पुढं मला काही सुचलं नाही. तिनं हँडल धरून पाहिलं, घंटी वाजवली, अन विचारलं, "पाय टेकते का माहा?" मी पाना आणून सीट खाली केली. ती बसली, दोन्ही पाय जमिनीला टेकले. गुडघे तिचे दुखतात. मी मागून कॅरिअर धरलं अन अंगणात दोन चक्कर मारले. तिसऱ्या चकरेला ती ओरडली, "सोडजो नोको!" अन मग लगेच, "बरं, सोड." मी काही सोडलं नाही. साठीची बाई, पडली म्हणजे?

"घेऊन जा सोबत," मी म्हणालो.

"राहू दे इथंच. माह्या नातीले दिली का मले भेटन का कधी?" जाताना म्हणाली, "पुढच्या नवरात्रात येतो. तवरोक हवा भरून ठेवजो."

नव्या ट्यूबची हवा लवकर उतरत नाही. तरी दर रविवारी मी पंप घेऊन बसतो.