चंद्रमपल्लीच्या डोंगरात पहिल्यांदा

औराद तालुक्यातल्या आमच्या चिंताकी गावात चालण्याचं कुणाला अप्रूप नाही. शेताला, बाजाराला, जत्रेला माणूस चालतच असतो. पण काही आणायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, वर देवही नाही, आणि तरी डोंगर चढायचा, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. "काकू, चिंचोळीच्या जंगलात जाऊ, नुसतं फिरायला," असं कलबुर्गीला शिकणारी पुतणी म्हणाली, तेव्हा नुसतं म्हणजे काय, हे मी तिला वाटभर विचारत होते.

बीदर मागे पडलं. दोन्ही अंगांना तुरीची शेतं, मग हळूहळू काळी जमीन संपून तांबडी लागली. चिंचोळीचं अभयारण्य २०११ साली घोषित झालं, जवळपास १३५ चौरस किलोमीटरचं. लांडगा, तरस, चौशिंगा असली जनावरं इथं आहेत. आम्ही परवानगी काढली आणि वाट दाखवायला वनखात्याचा एक वॉचर सोबत घेतला. तांड्यावरचा पोरगा, घरी लमाणी, आमच्याशी कन्नड मिसळलेली मराठी.

वाट कुठली तेच मला कळेना. झाडीत शिरलो तर सगळीकडं सारखंच. तो मात्र सरळ चालत होता. एका ठिकाणी थांबून त्यानं गुडघ्याएवढं रोप दाखवलं. चंदन. मी वाकून वास घेतला, तर पानाला काहीच वास नाही! "अक्का, वास आतल्या गाभ्यात असतो, त्याला लई वर्षं लागतात," तो म्हणाला. मग बाजूचं झुडूप दाखवून सांगितलं, की चंदन आपली मुळं शेजाऱ्याच्या मुळांना चिकटवून त्यातून पाणी, क्षार ओढून घेतं. सोबत असल्याशिवाय ते नीट वाढत नाही. देवापुढं खोड उगाळताना इतकी वर्षं यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. त्या रोपापाशी मी किती वेळ बसले कोण जाणे; पुतणी घड्याळ दाखवायला लागली.

चढाचा शेवटचा टप्पा धापा टाकत गाठला आणि समोर सपाट माळ! डोंगराला टोक असतं अशी माझी समजूत. "शिखर कुठंय रे?" मी विचारलं. "हेच वरचं," तो म्हणाला. पायाखालचा दगड जांभा. काळा दगड लाखो वर्षं ऊन-पावसात कुजून झालेला, भोकाभोकांचा. पावसाचं पाणी त्यातून मुरत खाली जातं आणि खालच्या घट्ट थराशी अडून कडेला झऱ्यातून बाहेर येतं. बीदर शहरही असल्याच जांभ्यावर वसलंय. बहामनी काळातल्या लोकांनी तिथं जमिनीखालून पाण्याचे बोगदे खोदले, ते हा दगड ओळखूनच. बीदरच्या झरणी नरसिंहाला छातीभर पाण्यातून मी किती वेळा गेले असेन. ते पाणी येतं कुठून, हा प्रश्न मला त्या माळावर उभी राहिल्यावर पडला. खाली टेकड्यांच्या मधोमध चंद्रमपल्ली धरणाचं पाणी पसरलेलं होतं.

उतरणं चढण्याहून अवघड निघालं. जांभ्याची बारीक गोल खडी पायाखालून ज्वारीच्या दाण्यांसारखी सरकते. मी जागच्या जागी थिजले. पोरगा मागं आला. "अक्का, पायाकडं बघू नका, दोन पावलं पुढं बघा. तिरकं चाला, पाऊल छोटं टाका, गुडघा ताठ ठेवू नका." तसं केलं आणि पाय धरायला लागला. पुढं पुढं तर मीच पुतणीला हात देत होते.

पाऊस उघडल्यावर, आश्विनापासून पौषापर्यंत जावं. उन्हाळ्यात पानं झडतात आणि सावली राहत नाही. पाणी घरूनच न्यावं, स्पीकर मात्र नेऊ नये. आमच्या औराद तालुक्यातल्या शाळांच्या सहली दूरदूरच्या बागांना आणि किल्ल्यांना जातात. त्यातली एक तरी या डोंगरात यावी, म्हणून मी गावातल्या गुरुजींना भेटून आले आहे. तांड्यावरच्या त्या पोरालाच पोरांना वाट दाखवायला बोलवा, असंही सांगितलंय.