विचारून तरी बघा

अनेक डिस्क एकत्र जोडून माहिती सांभाळणाऱ्या रेड-५ मध्ये एक भयंकर शक्यता दडलेली असते: ज्या माहितीला कोणी हातही लावला नाही, तीच बिघडते. तीन डिस्कची एक ॲरे घ्या. दोन डिस्कवर माहिती, तिसरीवर त्या दोन्हींची पॅरिटी, म्हणजे एक डिस्क गेली तर तिचा मजकूर पुन्हा काढता येईल असा हिशोब. पहिल्या डिस्कवर नवा मजकूर लिहून झाला, पॅरिटी बदलायची राहिली आणि वीज गेली. त्यातच दुसरी डिस्क मेली. आता तिच्यावरचा मजकूर शिळ्या पॅरिटीवरून काढायचा, म्हणजे तो चुकीचाच निघणार. लिनक्सचा एमडी ड्रायव्हर अशी ॲरे आपणहून सुरू करत नाही. पण अडलेला माणूस ती बळजबरीने सुरू करतो, आणि चूक गुपचूप आत शिरते.

यावरचा उपाय, पार्शल पॅरिटी लॉग, २०१७ मध्ये कर्नल ४.१२ सोबत आला. डिस्कवर नवं काही लिहिताना जी माहिती बदलणार नाही तिची पॅरिटी तो आधी नोंदवून ठेवतो, तीही पॅरिटीच्याच डिस्कवर, मेटाडेटाच्या जागेत. वेगळी डिस्क लागत नाही. मात्र लिहिण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. एवढी किंमत सगळ्यांवर परस्पर लादता येत नाही, म्हणून ही सोय ऐच्छिक ठेवली ते योग्यच झालं.

मग ती चालू कुठून करायची? मशीन सुरू होतानाच्या कर्नल पर्यायातून केली असती, तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावताच संरक्षण मागे राहिलं असतं. ती निवड ॲरेच्या मेटाडेटातच लिहिली जाते, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. निर्णय माहितीबरोबर प्रवास करतो.

माझी तक्रार वेगळी आहे. सोय ऐच्छिक असू दे, पण ती हवी का हे कोणी विचारत नाही; तुम्ही स्वतःहून मागितली तरच मिळते. ॲरे बांधण्याचं साधन एमडीएडीएम मोठ्या ॲरेला कित्येकदा आपणहून बिटमॅप, म्हणजे कुठे लिहिणं चालू होतं याची नोंद, लावतं किंवा लावायला सुचवतं. त्याने वीज गेल्यानंतरचं रीसिंक झटपट उरकतं, पण शिळ्या पॅरिटीचा हा धोका टळत नाही. शिवाय बिटमॅप आणि हा लॉग एकत्र नांदत नाहीत. दवाखान्याचा किंवा छापखान्याचा सर्व्हर उभा करणारा माणूस बिटमॅप बघून निर्धास्त होतो. त्याला ॲरे बांधतानाच सरळ विचारायला हवं: वेग हवा की हे संरक्षण? संकट आल्यावर विचारून उपयोग नाही.

तोवर आपणच आपल्या ॲरेचा तपशील काढून ‘कन्सिस्टन्सी पॉलिसी’ ही ओळ वाचा. तिथे बिटमॅप दिसला आणि तुमच्याकडे वीज वरचेवर जात असेल, तर बॅकअप घ्या, बिटमॅप काढा आणि लॉग लावा. चालू ॲरेवरही तो लावता येतो.