वाढती पेटी

सुतारकाम हे आमच्या घरचे पोटापाण्याचे साधन. धाकट्या मुलाला मॉड्युलर सिंथेसायझरचा नाद लागला, तेव्हा त्याची पेटी करण्याचे काम ओघानेच आमच्याकडे आले. हे वाद्य हार्मोनियमसारखे एकसंध नसते. सूर काढणारा भाग वेगळा, तो गाळणारा वेगळा, आवाज लहानमोठा करणारा वेगळा. वाजवणारा ते वायरींनी हवे तसे जोडतो. अमेरिकेत रॉबर्ट मोग यांनी १९६४ साली असे वाद्य उभे केले. १९९५ साली जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी 'ए-१००' आणले आणि त्याचे माप पुढे अनेक कारागिरांनी स्वीकारले. पुढच्या पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदीचे एक घर ५.०८ मिलिमीटरचे.

माप एक ठरले, याचा फायदा आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबांना आहे. सगळे भाग एकदम घेण्याची ऐपत नसते. आज एक घ्यायचा, सहा महिन्यांनी दुसरा. मग पेटीही तशीच वाढणारी हवी. मोठी केली तर पैसा लाकडात अडकतो, लहान केली तर लवकरच मोडावी लागते. म्हणून आम्ही एकसारखे सुटे खण करतो. एका खणात ८४ घरांची, म्हणजे सुमारे ४२७ मिलिमीटरची एक ओळ. सर्व खणांना सारख्याच जागी भोके पाडायची. नटबोल्ट आवळला की खणावर खण बसतो, सोडला की सुटतो.

आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवून त्यांत सरकते नट घालावेत. स्क्रू सैल केला की भाग डावीउजवीकडे सरकतो. खणाची खोली ठरवताना सर्वांत खोल भाग मोजावा. रिकाम्या जागी कोरी पट्टी लावावी.

विजेबाबत मात्र हयगय नको. या भागांना अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट लागतात. केबल उलटी बसली तर कित्येक महिन्यांची बचत क्षणात जळू शकते. केबलची लाल कड बहुधा उणे १२ व्होल्टची असते, तरीही भागावरची खूण पाहूनच जोडावी. जागा बदलण्यापूर्वी वीज बंद करावी. सर्व भागांना लागणाऱ्या मिलिअँपिअरची बेरीज पुरवठ्यापेक्षा कमी आहे ना, ते पाहावे. घरातली २३० व्होल्टची वीज लाकडी पेटीत आणू नये. बाहेरचा तयार अडॅप्टर वापरावा.

वाचकहो, मुलांचे छंद पुष्कळदा पैशापायी अर्ध्यावर सुटतात. पेटी न मोडता वाढत गेली, तर त्यांचे शिकणेही मध्येच थांबणार नाही.